मदत हवी आहे: भारीतल्या शेव्हिंग क्रीमचा फेस बसतो आणि गळ्याची आग होते

मंडळी, गेली बावीस वर्षं माझी दाढी एकाच पद्धतीने चाललीय. ट्यूब पिळायची, ब्रश फिरवायचा, दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर, सात-आठ मिनिटांत मोकळा. तक्रार कधीच नव्हती. महिन्याभरापूर्वी मेहुण्याने वाढदिवसाला एक संच दिला: रुंद तोंडाच्या डबीत गुलाबाच्या वासाचं क्रीम, सिंथेटिक केसांचा ब्रश आणि नवीन पात्यांचं पाकीट. क्रीम चांगलं महागातलं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा की माझ्या हाताचा, हेच अजून ठरायचंय.

पहिल्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा खरंच खूश झालो. नुसता सरबती गुलाब नाही, देठ मोडल्यावर येतो तसा हिरवट वासही त्यात होता. पण पंधरा दिवसांत तीन गोष्टी डोक्यात जायला लागल्यात.

एक, फेस. ओल्या ब्रशच्या टोकावर करंगळीच्या नखाएवढं क्रीम घेतो आणि वाडग्यात घोटतो. वाडग्यात फेस असा उभा राहतो की फोटो काढावा. गालावर लावला की मात्र दोन मिनिटांत कडेने वाळायला लागतो. उजवा गाल आटपून डाव्याकडे येईपर्यंत फेसातून खुंट वर आलेले असतात. मग पुन्हा ब्रश, पुन्हा तेच. दाढी झाल्यावर वाडग्याला पांढरट चिकट थर राहतो, तो बोटाने घासून काढावा लागतो.

दोन, वास. फेस झाला की मला वास येईनासा होतो. बायको म्हणते, बाथरूमचं दार बंद असताना बाहेरपर्यंत येतोय. आता तिच्या नाकावर विश्वास ठेवू की माझ्या?

तीन, आणि हे खरं दुखणं: जबड्याखाली आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना आग होते. तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी येतं. दुपारपर्यंत लाली ओसरते, पण दोन-तीन बारीक पुळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. गालांना काही होत नाही.

डबीवरची यादी: पाणी, स्टिअरिक ॲसिड, मिरिस्टिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, परफ्यूम, सोडियम हायड्रॉक्साइड, शेवटी सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, लिनालूल, लिमोनीन.

ही शेवटची चार नावं म्हणजे सुवासाचीच ना? आग त्यांच्यामुळे होत असेल का? जाणकारांनी सांगा. फक्त 'वापरणं बंद करा' एवढंच कृपया लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

प्रतिसाद १

क्रीम बदललं, ब्रश बदलला, पाती बदलली, सगळं एकाच दिवशी. आता गुन्हेगार कोण ते कसं कळणार? जुनी पाती परत लावा, जुन्या ट्यूबने चार दिवस दाढी करा. आग थांबली तर नवीन क्रीम, पाती जुनीच. एका वेळी एकच बदल.

प्रतिसाद २

पांढरट चिकट थर म्हटलात तिथेच अर्धं उत्तर आहे. तुमचं पाणी जड आहे.

शेव्हिंग क्रीम म्हणजे मुळात मऊ साबण. स्टिअरिक ॲसिडसारखी मेदाम्लं पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर मिळून हा साबण होतो. सोडियमचा साबण वडीसारखा कडक होतो, पोटॅशियमचा मऊ राहतो, म्हणून क्रीममध्ये पोटॅशियमचा वाटा मोठा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या मेदाम्लांना धरून बसतं आणि पाण्यात न विरघळणारा चोथा करतं. तोच तुमच्या वाडग्याला लागतो. जेवढा साबण चोथ्यात गेला तेवढा फेसातून वजा. काही उत्पादक याच्यावर उतारा म्हणून ईडीटीएसारखं द्रव्य घालतात, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. तुमच्या यादीत ते दिसत नाही. जुन्या ट्यूबवर आहे का बघा.

खात्री करायची तर एकदा डिस्टिल्ड वॉटर कोमट करून त्यात ब्रश भिजवा आणि फेसही त्याच पाण्याने करा. पेलाभर पाण्यात भागतं. नुसतं नळाचं पाणी उकळून फार उपयोग नाही. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो.

आणि वाडग्यात फेस फोटो काढण्याइतका ताठ उभा राहतो हे चांगलं लक्षण नाही बरं का. त्यात हवा जास्त आणि पाणी कमी असतं. फेस बसका, चकचकीत हवा, ब्रश उचलला की टोक वाकलं पाहिजे. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. निसरडा लागला तर दाढीला लायक. चोळताना बोटं अडखळली तर पाच-सहा थेंब पाणी घालून पुन्हा घोटा. नखाएवढं क्रीमही कमी आहे, दुप्पट घ्या.

प्रतिसाद ३

ब्रशबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिंथेटिक केस पाणी शोषत नाहीत, फक्त केसांच्या मधे धरून ठेवतात. डुकराच्या केसांचा ब्रश पाणी पितो, म्हणून तो आधी भिजत घालावा लागतो. जुन्या ब्रशच्या सवयीने तुम्ही नवा ब्रश झटकत असाल तर त्यात पाणी उरतच नाही. झटकू नका. आणि फेस वाडग्यात न करता सरळ चेहऱ्यावर करून बघा, पाणी किती लागतंय ते हाताला लगेच कळतं.

वासाचं म्हणाल तर वहिनींचं नाक बरोबर आहे. एकच वास सलग येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. बाहेरून येणाऱ्याला तो नवा असतो.

प्रतिसाद ४

माझ्या वडिलांना अगदी हाच त्रास होता, गाल ठीक आणि गळा लाल. कारण निघालं केसांच्या दिशेत. गालावरचे केस बहुतेक खाली वाढतात, गळ्यावर मात्र काहींचे आडवे, काहींचे चक्क वर. बाबा सवयीने गळ्यावर खालून वर रेझर न्यायचे आणि एका बाजूला ती उलटी दाढी व्हायची. दोन दिवस खुंट वाढू द्या, मग बोट चारी दिशांना फिरवून बघा. ज्या दिशेने खरखरीत लागतं ती उलटी. आम्ही त्यांच्या गळ्याचा चक्क नकाशा काढून आरशाला चिकटवला होता. आई अजून हसते.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. क्रमाने सांगतो.

आधी पाती. जुनी लावली, आग निम्म्याने कमी. नवीन पाती जास्त धारदार आहेत आणि मी हात जुन्याच जोराने दाबत होतो. आता रेझर दांड्याच्या टोकाला धरतो, म्हणजे दाबायची सोयच राहत नाही.

मग पाणी. जुन्या ट्यूबवर टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलेलं सापडलं! डिस्टिल्ड वॉटरने नवीन क्रीमचा फेस केला आणि मी आरशासमोर अक्षरशः थांबलो. तेच क्रीम, तोच ब्रश. फेस गालावर सहा मिनिटं ओला राहिला, रेझर मागे नुसता सरकत होता, पात्याचा तो बारीक करकर आवाज तेवढा येत होता. वाडगं एका धारेत स्वच्छ. क्रीमला उगाच शिव्या घातल्या मी.

गळ्याचा नकाशाही काढला. डावीकडचे केस कानाकडे वाढतात, उजवीकडचे खाली. इतकी वर्षं माहीत नव्हतं.

आता आग नाही. पण एक नवीनच सांगतो. गेले चार दिवस कानांच्या खाली, जिथे मी रेझर फिरवतसुद्धा नाही, फक्त फेस लागतो, तिथे संध्याकाळी खाज येते. लाल फारसं नाही, थोडं खरखरीत. हे काय?

प्रतिसाद २ लिहिणारा

रेझर लागत नाही तिथे खाज आणि तीही काही तासांनी, म्हणजे आता सुवासाकडे बघायला हवं. आधीची आग लगेच व्हायची, ती पात्याची होती. ॲलर्जीची खाज बहुधा उशिरा येते, कधी दुसऱ्या दिवशी.

तुम्ही विचारलेली चार नावं सुवासाचीच. 'परफ्यूम' या एका शब्दात कितीही घटक मावतात, पण युरोपात ज्यांची ॲलर्जी माहीत आहे असे ठरावीक घटक नावानिशी लिहावे लागतात. धुऊन टाकायच्या उत्पादनात प्रमाण ०.०१ टक्क्यांच्या वर गेलं की नाव येतं, अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर. पूर्वी अशी २६ नावं होती, २०२३ च्या दुरुस्तीने ती यादी ८० च्या वर गेली. गुलाबाच्या तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल निसर्गतःच असतात, त्यामुळे 'अस्सल गुलाब' आहे म्हणून सुटका नाही. लिनालूल आणि लिमोनीन तर हवेशी संयोग होऊन जुने झाले की जास्त त्रासदायक होतात. रुंद तोंडाची डबी रोज उघडायची म्हणजे हवेला आमंत्रणच.

घरच्या घरी बघायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी हाच फेस लावा. नुसतं क्रीम थापू नका, साबण आहे, त्यानेच कातडी लाल होईल आणि चुकीचं उत्तर मिळेल. चेहऱ्यावर ठेवता तेवढीच मिनिटं ठेवून धुवा. दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. दुसऱ्या हाताला जुन्या ट्यूबचा फेस, तुलनेला. आणि तोवर चेहऱ्याला हे क्रीम नको. मधेच पुरळ उठलं तर तिथेच थांबायचं. नेमका घटक हवा असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते.

प्रतिसाद १ लिहिणारा

एका वेळी एकच बदल, म्हटलं नव्हतं?

धागाकर्ता (आणखी आठ दिवसांनी)

सहाव्या दिवशी उजव्या कोपराच्या आत, बरोबर नाण्याएवढा, लालसर चट्टा. बारीक पुरळ, खाज. डावा हात, जुनी ट्यूब, काही नाही. तिथेच थांबलो. म्हणजे पहिल्या दिवशी माझा संशय सुवासावर होता, तुम्ही सगळ्यांनी मिळून तो खोडून काढलात, आणि शेवटी तो निम्मा खरा निघाला. वाईट याचं वाटतं की फेस नुकताच जमायला लागला होता.

डबी मेहुण्याला परत देतोय, पाऊण भरलेली आहे. तो म्हणाला, मला चालेल. बिनवासाचं क्रीम शोधतोय. 'संवेदनशील त्वचेसाठी' लिहिलेल्या तीन क्रीमच्या याद्या वाचल्या, दोघांत परफ्यूम आहेच. तेव्हा पुढचं झाकण बघायच्या आधी मागची यादी वाचणार.

एकच प्रश्न उरलाय. नवा ब्रश आवडलाय, तो सोडायचा नाही. पण दोनदा धुतला तरी गुलाब जात नाही. जुन्या ट्यूबचा फेस केला तर त्यालाही गुलाबच. या ब्रशमधून खाज परत येईल का?

प्रतिसाद ३ लिहिणारा

येऊ शकते. केसांच्या बुडाशी साबणाचा थर बसतो आणि सुवास त्यात अडकतो, वरवर धुऊन निघत नाही. भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब तळहातावर घ्या, बिनवासाचा मिळाला तर उत्तम. ब्रश त्यात गोल घोटा, बोटांनी केस बुडापर्यंत फाकवा, भरपूर पाण्याने धुवा. मग कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून केस तेवढे पाच मिनिटं बुडवा, दांड्याचा जोड पाण्याबाहेर ठेवा. जड पाण्याचा चोथा त्याने सुटतो. पुन्हा धुऊन हवेशीर जागी चार दिवस वाळू द्या, बंद कपाटात नको. तरी वास राहिला तर पुन्हा एकदा. त्यानंतर पहिला फेस चेहऱ्याला नाही, डाव्या कोपराला.

धागाकर्ता

व्हिनेगर झालं. आता बाथरूममधून लोणच्याचा वास येतोय असं बायको म्हणते. मला येत नाहीये.