दाभोळ ते हेग : मतपेटीतून सरकार बदलतं, करार का बदलत नाही?

वाशिष्ठी

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहिलं की खाडीच्या तोंडाकडे अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसतो. गेल्या महिन्यात भाचा सोबत होता. त्याने विचारलं, "मावशी, हे आधी कुणाचं होतं?" बोट पलीकडे लागली, गाड्या उतरल्या, तरी माझं उत्तर संपलं नव्हतं. म्हणून हा धागा.

१९९२ मध्ये या प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी समझोता झाला, तोही स्पर्धात्मक निविदा न काढता. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने वीस वर्षांच्या खरेदी करारावर सही केली. वीज घ्या किंवा न घ्या, प्रकल्प तयार उभा असल्याचे पैसे द्यायचे, आणि हिशोब डॉलरला बांधलेला. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्याची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी.

१९९५ ची विधानसभा निवडणूक आठवणाऱ्यांना 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' हे आठवत असेल. लोकांनी मतं दिली, सरकार बदललं. जूनमध्येच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जाहीर इशारा दिला की करार पाळला नाही तर भारतातल्या इतर प्रकल्पांवर परिणाम होईल. ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने त्याच कंपनीशी नव्याने जुळवून घेतलं, तेही दोन्ही टप्पे मिळून २१८४ मेगावॅटसाठी. मे महिन्यात केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्का मारला.

माझं म्हणणं एवढंच आहे. सीमेवर सैन्य आलं तर सार्वभौमत्व धोक्यात आल्याचं सगळ्यांना कळतं. कराराच्या कलमातून ते जातं तेव्हा कुणाला कळत नाही, आणि कळेपर्यंत मतदाराच्या हातात काही उरत नाही. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीशी झालेल्या कराच्या वादात हेगच्या लवादाने डिसेंबर २०२० मध्ये भारताला १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज द्यायला सांगितलं. २०२१ च्या जुलैत पॅरिसमधल्या भारत सरकारच्या सुमारे वीस मालमत्तांवर न्यायालयाच्या आदेशाने टाच आली आणि ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने कायदा बदलला. संसदेला कायदा बदलायला लावणारी ताकद संसदेबाहेर, देशाबाहेर असेल, तर सार्वभौम कोण?

ताळेबंद

पूर्ण असहमत. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत ओवल्या आहेत.

केर्नचं आधी बघू. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला की इथली मालमत्ता असलेल्या कंपनीचे शेअर परदेशात विकले, तर त्या व्यवहारावर तेव्हाच्या कायद्यात कर बसत नाही. सरकारने काय केलं? त्याच वर्षी कायदा बदलला, आणि १९६२ पासून तो तसाच होता असं लिहिलं. म्हणजे पन्नास वर्षं मागे जाऊन. केर्नची कर-मागणी निघाली ती याच दुरुस्तीच्या जोरावर, २००६ च्या व्यवहारावर. माझ्या वडिलांनी १९८० साली घेतलेल्या जागेवर आज नवा कर बसवून १९८० पासूनची थकबाकी मागितली, तर मी नोटीस घेऊन वकिलाकडे पळेन. तुम्हीही पळाल. हा हक्क मला हवा आणि परक्याला नको, हे कसं?

शिवाय लवाद काही आभाळातून पडला नाही. ब्रिटनशी १९९४ चा गुंतवणूक करार, ज्याच्या जोरावर कंपनीला लवादाकडे जाता येत होतं, तो आपणच केला. दिलेला शब्द पाळता येणं हीसुद्धा सार्वभौम देशाचीच खूण आहे. ज्याच्या सहीला किंमत नाही त्याला कर्ज महाग मिळतं, आणि ते शेवटी तुम्ही-आम्हीच फेडतो. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं, ते पत नव्हती म्हणून.

आता एन्रॉन. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायचं नाकारलं होतं, वीज गरजेपेक्षा जास्त आणि महाग पडेल असं सांगून. परकी संस्था 'नको' म्हणत होती आणि आपले राज्यकर्ते 'हवाच' म्हणत होते. दोष बाहेर कशाला शोधायचा?

वाशिष्ठी

जागतिक बँकेचा मुद्दा मान्य, आणि पूर्वलक्षी कर चुकीचा होता हेही मान्य. पण 'मला हवा आणि परक्याला नको' हे उलटं आहे. परक्याला आहे आणि मला नाही, हे माझं दुखणं आहे.

व्हाइट इंडस्ट्रीज ही ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाविरुद्ध जिंकलेला निवाडा आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं अडकला, म्हणून ती लवादाकडे गेली आणि २०११ मध्ये भरपाई मिळवली, चक्क कोर्टाच्या दिरंगाईबद्दल. आमच्या तालुक्यात एकेका बांधाचे दावे आजोबांकडून नातवाकडे आलेत. दिरंगाईची भरपाई मागायला त्या नातवाने कुठलं विमान पकडायचं?

आणि दाभोळमध्येच बघा. प्रकल्पातल्या एन्रॉनच्या भागीदार जीई आणि बेक्टेल अमेरिकन. अमेरिकेशी आपला असा गुंतवणूक करार नव्हता. मग लवादाच्या दारात त्या मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत, मॉरिशसचा करार हातात घेऊन उभ्या राहिल्या. प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या कोळणीला सोयीप्रमाणे देश बदलता येत नाही. ३ जून १९९७ च्या पहाटे त्या गावात पोलीस घुसले, बायकांना मारहाण झाली. बंदोबस्तावरच्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेने १९९९ च्या अहवालात हे सगळं नोंदवलं आहे. राज्याचा दंडा आणि कंपनीचा पैसा एका बाजूला होता, ताळेबंद, आणि गाव दुसऱ्या.

सातपुडा

वाशिष्ठीताई, तुमचा शेवटचा परिच्छेद तुमच्याच पहिल्या मुद्द्याच्या विरोधात जातो, हे लक्षात आलं का? वेलदूरची नोंद ठेवली कुणी? बाहेरच्या संस्थेने.

मी नर्मदेच्या काठावरचं सांगतो. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. त्या धरणाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. लोक लढले, तेव्हा बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला. त्यात स्पष्ट म्हटलं की विस्थापितांचं नीट पुनर्वसन सध्याच्या परिस्थितीत शक्य नाही, बँकेने मागे सरावं. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणंच सोडलं.

तेव्हा दिल्लीत आणि गांधीनगरात 'आमच्या सार्वभौमत्वात ढवळाढवळ' हीच भाषा होती. पाड्यावरच्या माणसाला विचारा ना, तुझं म्हणणं आधी कुणी कागदावर घेतलं. सार्वभौमत्व या शब्दाच्या आड राज्यकर्ते आपल्याच माणसांपासून लपतात.

पुढचंही सांगायला हवं, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. बँक गेली, धरण थांबलं नाही. आपल्या पैशाने बांधलं. गावं बुडालीच. बाहेरचा माणूस साक्षीदार होऊ शकला, एवढंच.

ऊसपट्टा

सगळं वाचलं. आमच्याकडचं एक घाला यात.

उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारने ठरवलेला आणि कारखान्याने द्यायचा किमान दर, २०१८-१९ ला दहा टक्के उताऱ्याला क्विंटलला २७५ रुपये होती. कायद्याने चौदा दिवसांत द्यायची. आमच्या कारखान्याने त्या हंगामात किती महिने लावले ते सांगत बसत नाही, काट्याच्या पावत्या अजून डब्यात आहेत. तर २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला हे तीन देश जागतिक व्यापार संघटनेत गेले, की भारत उसाला मर्यादेबाहेर आधार देतो. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आला आमच्या विरोधात. मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या दहा टक्के, आणि तुमची एफआरपी त्याच्यावर जाते म्हणे.

सरकार एफआरपी आपल्या खिशातून देत नाही, कारखाना देतो. तरी तो 'आधार' धरला. माझ्या उसाचा दर शेवटी त्या संघटनेच्या जिनिव्हात बसून ठरायचा असेल तर मी आंदोलन कुणाच्या दारात करायचं? साखर आयुक्तांच्या दारात पुण्याला जाता येतं. जिनिव्हाला एसटी जात नाही.

ताळेबंद

ऊसपट्टा, तुमचं दुखणं खरं आहे, पण तुमच्या उदाहरणात पुढे जे झालं ते महत्त्वाचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारताने त्या निकालावर अपील केलं. अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवते. म्हणजे निकाल लोंबकळत राहिला आणि एफआरपी चालू राहिली. आपल्याला आज ते सोयीचं वाटतं. उद्या आपल्या मालावर कुणी मनमानी कर लावला तर तक्रार कुठे करायची? नियम मोडले की सुटका लहानाची होत नाही, मोठ्याची होते.

आणि नियम आहेत म्हणूनच वाटाही काढता येतात. पेटंटचा करार आपल्यावर आला, २००५ मध्ये कायदा बदलावा लागला. पण त्यात कलम ३(ड) आपण घातलं, जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळू नये म्हणून. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला तो त्याच जोरावर. टेबलावर बसून, कागद नीट वाचून सार्वभौमत्व राखता येतं. माझा आग्रह त्यासाठी आहे.

वाशिष्ठी

'कागद नीट वाचून', इथे आपण दोघं एकत्र आलो. मग मला सांगा, वाचायला मिळतो कुणाला?

केंद्र सरकार परदेशाशी करार करतं तेव्हा त्याला संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही. लवादांत मार खाल्ल्यावर २०१६ च्या सुमारास पुढच्या गुंतवणूक करारांसाठी नवा नमुना करार आला, गुंतवणूकदाराने आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात जावं अशी अट आली, पन्नासावर जुने करार संपवायच्या नोटिसा गेल्या. चांगलं झालं. पण २०२४ मध्ये अमिरातीशी नवा करार लागू झाला त्यात पाचाची तीन वर्षं झाली. का झाली, यावर सभागृहात रीतसर मतदान व्हायला हवं होतं. सही होण्याआधी मसुदा संसदेत, आणि राज्यावर बोजा येणार असेल तर विधानसभेतही ठेवा. मग हरलो तरी ते आमचं हरणं असेल.

सातपुडा

विधानसभेच्या पुढे ग्रामसभा पण लिहा. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे, आमच्या भागात जमीन घेण्याआधी विचारायचं त्यात लिहिलेलं आहे. परदेशी कंपनी असो की देशी, आमच्या पाड्यावर अजून आधी मोजणीवाले येतात आणि सभेची नोटीस नंतर लागते.