मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, तास निराळे (अनुभव धागा)

सांजवारा : मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर असेल, तर 14 तासांत पोहोचायला हवे; मग तिकिटावर जाताना 16 तास का लिहिले आहेत, असे काल भाच्याने विचारले आणि मला थेट विमानाचा माझा पहिला प्रवास आठवला. सपाट नकाशावर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसते, पण पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट उत्तरेकडे वळते, त्यामुळे जाग आली तेव्हा पडद्यावरचे विमान ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी होते. आपलेही अनुभव लिहावेत.

कोकणकडा : भाच्याचे गणित परतीच्या प्रवासाला बऱ्यापैकी जुळते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; जाताना ते अंगावर येतात आणि येताना पाठीशी असतात. एकदा परतताना पडद्यावर ताशी 1,000 किलोमीटरच्या वरचा आकडा पाहून शेजारच्या आजोबांनी हवाईसुंदरीला बोलावून, "चालकाला जरा सावकाश घ्यायला सांगा, आम्हाला घाई नाही," असे सांगितले होते.

लेकीकडे : आजोबांना नमस्कार! आमची लेक सॅन फ्रान्सिस्कोला असते. एअर इंडियाचे दिल्लीहून तिकडे जाणारे विमान 2015 मध्ये सुरू झाले, तेव्हा ते अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर 2016 पासून ते पॅसिफिकवरून नेऊ लागले. ही वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांब, तरीही वारा पाठीशी असल्याने वेळ कमी लागू लागला. शिवाय वाटेत वाररेषा ओलांडल्यामुळे पहाटे निघालेला माणूस त्याच तारखेच्या सकाळी उतरतो, हे ह्यांना अजून पटलेले नाही.

कोकणकडा : लांबच्या वाटेने लवकर पोहोचता येते, हे भाच्याच्या गणिताच्या बाईंना कळू देऊ नका.

दूरदेशी : वाऱ्याइतकेच राजकारणही तास वाढवते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्यानंतर माझे आईबाबा दिल्लीहून अमेरिकेला आले, तेव्हा वळसा पडल्यामुळे विमान इंधनासाठी व्हिएन्नाला उतरले. आईची औषधे हातातल्या पिशवीत होती म्हणून निभावले. जाणाऱ्यांनी एवढे अवश्य पाळावे.

पारिजात : आमच्याकडे प्रश्न तासांचा नव्हता, सूर्याचा होता. सासूबाईंना एकादशीचा उपास होता आणि तो द्वादशीच्या सूर्योदयानंतरच सोडायचा, हा त्यांचा नेम. डिसेंबरात मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान रात्रीसोबतच पश्चिमेला जात राहिले आणि उत्तरेकडच्या त्या वाटेवर तर दिवस उगवायचे नावच घेईना. त्या दर थोड्या वेळाने खिडकीचे झाकण वर करून पाहत होत्या.

सांजवारा : मग उपास कुठे सोडला?

पारिजात : न्यू जर्सीत, दिरांच्या घरी, भरपूर उजाडल्यावर. चहा मात्र त्यांनी कझाकस्तानवरच घेतला होता, कारण चहा उपासाला चालतो.