१०० दिवसांत ५० पुस्तकं: वाचन की मोजणी?

मांडवीकाठ: काल इथे कुणीतरी कौतुकाने टाकलं: शाळेत पाचवी ते सातवीसाठी '१०० दिवसांत ५० पुस्तकं', प्रत्येकाचा दहा ओळींत सारांश, पहिल्या तिघांना पदक. वर, 'मुलं वाचनालयावर तुटून पडलीत.' पडणारच. पण कशावर? १६ पानी चित्रपुस्तकांवर! पुस्तकं मोजायला लागलात की सातवीची मुलगीही २०० पानांची कादंबरी परत ठेवते, कारण तेवढ्या वेळात बारकी डझनभर उरकतात. सारांश मलपृष्ठावरून उतरवायचा आणि शेवटी 'मला हे पुस्तक खूप आवडले' डकवायचं. त्यापेक्षा नऊ चौकोनांचं कार्ड द्या. एक नाटक, एक कोंकणी, एक पक्ष्यांवरचं, एक धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवलेलं, एक अर्धवट सोडलेलं (का सोडलं ते एका ओळीत). आडवी ओळ भरली की नव्या पुस्तकांतून निवडायचा पहिला मान. पदक कशाला?

सातेरी: अर्धवट सोडलेलंही चालतं? वा. पदकासाठी का होईना, वाचनाच्या तासाला मैदानाकडे बघत बसणारी पोरं रांगेत उभी राहतात, त्याचं काहीच नाही? चित्रपुस्तकांचा एवढा राग असेल तर मिनिटं मोजा. घरी रोज २० मिनिटं, पालकांची सही.

मांडवीकाठ: हो, रविवारी रात्री सातही सह्या एकाच पेनाने.

कपाटाची किल्ली: तुमचं चालू द्या. तास ३५ मिनिटांचा, मुलं ३६. जुनं घेऊन नवं नोंदवायला एकेक मिनिट धरा, तास खलास. मग वाचायचं कधी? वर्गात ४० पुस्तकांची पेटी हवी. वहीत चार रकाने: दाखल क्रमांक, नाव, नेलं, आणलं. नोंदी दोन मुलं करतात, महिन्याने दोन तुकड्यांच्या पेट्या बदलायच्या. पण ठेवतंय कोण? पुस्तक गेलं की वसुली शिक्षकाकडून. म्हणून कपाटाला कुलूप, नि आत बुरशी.

काणकोणकर: वसुलीचा बाऊ पुरे. केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम, नियम २१५ वाचा. वर्षाला १००० पुस्तकांच्या देवघेवीमागे ५ गहाळ होणं वाजवी धरलंय, लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. १००० रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तरच चौकशी सक्तीची.

कपाटाची किल्ली: केंद्राचा नियम अनुदानित शाळेच्या हेडमास्तरांना दाखवा, मग बोलू.

काणकोणकर: बरं, नाही दाखवत. पण बुरशीचं खापर कुलपावर फोडू नका. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते, त्यात लोखंडी कपाट तिला चिकटवलेलं. चार बोटं पुढे ओढा. तळकप्पा रिकामा ठेवा. पुस्तकं ठासू नका, मध्ये बोट जायला हवं. पाऊस उघडला की तासभर दारं सताड उघडी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांपुढे टिकली की बुरशी धरतेच, आणि चवथीच्या सुटीत कपाट आठवडाभर बंद राहिलं तर पांढरी लव दिसणारच.

सातेरी: डांबरगोळ्या टाकल्या की झालं. एवढं पुराण कशाला?

काणकोणकर: डांबरगोळ्यांनी कसर दूर राहते, बुरशी नाही! आणि ओल्या फडक्याने पुसता ना? डाग कागदात मुरतो. पुस्तक आधी सावलीत वाऱ्यावर सुकवा, मग मास्क लावून बाहेर अंगणात कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात पसरलंत तर पुठ्ठा वाकतो. कपाट उघडणाऱ्याला हे कळतं, बाई.

सातेरी: बाई कोण? मी पीटी शिकवतो.

कपाटाची किल्ली: तरीच मैदानाची काळजी.

सातेरी: हसा. पोरांना खेळात चुरस लागते, तशी पुस्तकांत लागली तर तुमच्या पोटात का दुखतं? कुलूप कुणी काढलं? या आव्हानानेच ना? रोज ३० पुस्तकं बाहेर जात असतील तर तुमची ती लव धरायला वेळ तरी मिळेल का?

काणकोणकर: हे मात्र खरं. फिरतं पुस्तक सहसा बुरसटत नाही. पदकाला एवढं श्रेय देतो, जास्त नाही.

मांडवीकाठ: ठीक, ठेवा तुमची स्पर्धा. पण ३२ पानांपर्यंतची चार मिळून एक धरा, १५० पानांवरचं एक म्हणजे तीन. आणि सारांश बंद. बाकावरच्या जोडीदाराने पुस्तक उघडून मधल्याच पानावरचं काहीतरी विचारायचं, दोन मिनिटं.

सातेरी: म्हणजे शेवटी मोजायचंच.