मदत हवी आहे: ४ वर्षांच्या मुलाला कुत्र्याच्या जंतांची लागण, पिल्लांचं आणि अंगणाचं काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही फलटण तालुक्यात वस्तीवर राहतो. मुलाचा खोकला पावसाळ्यापासून जात नव्हता, रात्री छातीत घरघर, मधेच बारीक ताप, पोट दुखतं म्हणायचा आणि जेवण तर सोडूनच दिलेलं. दम्याचा पंप दिला की थोडे दिवस बरं मग परत तेच. शेवटी तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं तर इओसिनोफिल (जंत किंवा ॲलर्जी असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३४ टक्के, सोनोग्राफीत लिव्हर जरा मोठं. त्यांनी लगेच विचारलं, पोरगा माती खातो का आणि घरी कुत्र्याची पिल्लं आहेत का. दोन्ही हो. मग रक्त पुण्याला पाठवून एलायझा (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) केली, टोक्सोकारा म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या गोल जंतासाठी पॉझिटिव्ह आली. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध ५ दिवस दोन वेळा जेवणासोबत दिलंय, कोर्स चालू आहे.

आमची कुत्री चंपी दारातच व्यालीये, पिल्लं आता दीड महिन्याची. घरकुलाचं काम चालू आहे म्हणून अंगणात वाळूचा ढीग पडलाय, पोरगं दिवसभर त्याच ढिगात, पिल्लं पण तिथंच आणि त्यांचं हागणं-मुतणं पण तिथंच. शेजारच्या मांजरी रात्री वाळू उकरून घाण करून जातात ते वेगळंच. पोराच्या नखांत सारखी वाळू, बोट तोंडात.

आता सासरे म्हणतात पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून या. माझा जीव होत नाही, पोर पण रडून रडून घर डोक्यावर घेईल. मला विचारायचंय की पिल्लं सोडली तर हे खरंच थांबेल का? आणि फेब्रुवारीत अंगणवाडीत जंताची गोळी दिली होती, परवा संडासची तपासणी पण क्लिअर आली, मग हे जंत आले कुठून? वस्तीवरची बाकीची पोरं पण याच ढिगात खेळतात, त्यांचं काय करायचं? कृपया माहितगारांनी सांगा, खूप काळजी वाटतेय.

प्रतिसाद (बालरोग डॉक्टर):
ताई, निदान वेळेत झालंय. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी एकच डोस असते, ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी. टोक्सोकाराची अळी मुलाच्या आतड्यात मोठी होतच नाही, ती आतड्याची भिंत भेदून लिव्हर, फुप्फुसं अशी फिरत राहते, म्हणून संडासात अंडी दिसत नाहीत. त्यामुळेच कोर्स ५ दिवसांचा आहे, बरं वाटलं तरी मधे सोडू नका. एलायझा नंतर बरेच महिने पॉझिटिव्ह राहू शकते, त्याला घाबरू नका, इओसिनोफिल उतरतात का ते बघायचं. आणि एक गोष्ट नक्की करा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. अळी डोळ्यात गेली तर बहुतेक एकाच डोळ्याचं दिसणं कमी होतं आणि लहान पोर ते सांगत नाही, तिरळेपणा आला की मग घरच्यांना कळतं. बाकी मुलांना खोकला, ताप, पोटदुखी, माती खायची सवय असेल तर दाखवा, सरसकट सगळ्यांचं रक्त तपासायची गरज नाही.

प्रतिसाद (जनावरांचा डॉक्टर):
पिल्लं सोडून काही होणार नाही, विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी तुमच्या वाळूत आहेत, तीच पोराच्या तोंडात जातात, आणि ती महिनोन्‌महिने, कधी वर्षं पण टिकतात. उलट ती पिल्लं दुसऱ्या वस्तीवर जाऊन हेच करतील. पिल्लांना जंत आईच्या पोटातच होतात, कुत्रीच्या अंगात दडून बसलेल्या अळ्या गाभणपणी जाग्या होऊन पिल्लांत जातात, थोड्या दुधातून पण. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी द्यायचं असतं, दोन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, सहा महिन्यांपर्यंत. तुम्ही उद्याच सुरू करा, पिल्लांसोबत चंपीला पण पाजा. डोस वजनावर असतो, माणसाची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पिल्लं घेऊन जा.
ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून रोज सकाळी फावड्याने उचलून खोल पुरलं तरी निम्मं काम होतं. फिनेलने अंडी मरत नाहीत, फरशीवर उकळतं पाणी ओता. ढिगाची वरची वाळू खरवडून बांधकामाच्या भरावात टाका, उरलेल्यावर ताडपत्री टाकून कडेला दगड ठेवा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार, सासऱ्यांना पण वाचून दाखवलं, पिल्लं राहणार. डोळ्यांची तपासणी सोमवारी. ताडपत्री टाकलीये. अजून एक विचारते, वस्तीवरच्या मोकाट कुत्र्यांना औषध भाकरीतून घातलं तर चालतं का? आणि पंचायतीकडून त्यासाठी काही मिळू शकतं का? कुणी आपल्या गावात केलं असेल तर प्लीज सांगा.