मदत हवी आहे: दिवाळी भेटींच्या पैशातून ऊसतोड कुटुंबांना शिधा (बीड जिल्ह्यातले धारूर, वडवणी)

ड्रायफ्रूटचे डबे वाटण्याऐवजी काही दुकानदार ते पैसे शिध्याला देताहेत. 80 संच करायचेत. एका संचात तांदूळ 5 किलो, तूरडाळ 2, साखर 2, मीठ 1, गोडेतेल 2 लिटर, चहापत्ती पाव किलो, साबण 4. पीठ मुद्दाम नाही. थप्पीत तेलाची पिशवी फुटली की खालचं सगळं पीठ वाया जातं. तेलही बाटलीतलंच घेतोय. संच साडेबारा किलोच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून टनभर. छोट्या हत्तीला (टेम्पोला) दोन खेपा.

खरी अडचण तारखेची. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, मुकादमाचा (मजुरांना कारखान्यावर नेणाऱ्याचा) ट्रॅक्टर कधी लागेल ते आधी कळत नाही. दिवाळीत गेलं तर घरी म्हातारी माणसं नि लेकरंच. दोनदा वाटप केलंय का कुणी? कुटुंबांची यादी आशाताईंकडून (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) घ्यावी की सरपंचांकडून? (सरपंचांच्या यादीत भावकी आधी येते.)

दुसरं, 80जी (ट्रस्टला दिलेल्या देणगीवरची आयकर वजावट). 2000 च्या वर रोख चालत नाही, वस्तू दिल्या तर वजावट नाही, म्हणून पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात घेतोय. पण दहा जणांचे पैसे एकानेच पाठवले तर पावत्या वेगवेगळ्या पॅनवर कशा करता?