सँटोरिनी: इयाच्या सूर्यास्तापेक्षा अक्रोतिरी बघा

भटकी_उल्का:
ग्रीसच्या सँटोरिनी बेटाचं काहीही विचारलं की सगळे एकच सांगतात, उत्तरेच्या इया गावाला जा, सूर्यास्त बघा, निळ्या घुमटापाशी फोटो काढा. मला हे अजिबात पटत नाही. सीझनमध्ये तिथल्या पडक्या किल्ल्यावर जागा धरायला लोक कितीतरी आधी जाऊन बसतात आणि शेवटी दिसतात पुढच्याचे मोबाईल. त्यापेक्षा दक्षिणेला अक्रोतिरीला जा ना! इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास ज्वालामुखीचा जो प्रचंड उद्रेक झाला त्याच्या राखेत अख्खं शहर गाडलं गेलं, १९६७ ला पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी खणायला घेतलं तर दोन-तीन मजली घरं, दगडी जिने, रस्त्याखालची गटारं, रांजण, सगळं जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत, म्हणजे आधी भूकंप झाले तेव्हाच लोक निघून गेले असणार. मला तर तिथून हलवेना.

रानवारा:
साफ असहमत. इयाला नुसता सूर्य बघायला कोण जातंय? बेटाचा मधला भाग खचून समुद्र आत शिरलाय आणि आपण उंच कड्याच्या काठावर उभे, खाली तो कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेला खड्डा, हे दुसरीकडे कुठे बघणार? अक्रोतिरीत छपराखाली मातकट भिंतीच भिंती. ज्या भित्तिचित्रांचं एवढं नाव ती तिथे नाहीतच, काही फिरा या मुख्य गावातल्या म्युझियममध्ये, काही अथेन्सला. आमचे बाबा अर्ध्या तासात बाहेर येऊन बसले.

भटकी_उल्का:
@रानवारा अहो मग आधी फिराचं म्युझियम करा, निळ्या माकडांचं भित्तिचित्र तिथेच आहे, ते बघून गेलात की त्याच भिंती बोलायला लागतात. गाईड घेतला होता का? पाट्या वाचून काही कळत नाही तिथे. आणि ते छप्पर, २००५ मध्ये आधीचं कोसळून एक पर्यटक गेला, म्हणून २०१२ पर्यंत जागा बंद होती. जुलैच्या उन्हात तीच काय ती सावली.

दगडमाती:
दोघंही खुद्द ज्वालामुखीच विसरलात की! बोटीने कॅल्डेराच्या मधल्या नेआ कामेनी या छोट्या बेटावर जा. काळा लाव्हा, चढ, वर गेलं की फटींतून गरम वाफा. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला शेवटचा उद्रेक १९५० चा. २०२५ च्या फेब्रुवारीत इतके धक्के बसत होते की हजारो लोक बेट सोडून गेले. सावली शून्य, पाणी आणि बूट हवेतच.

रानवारा:
हे भारी आहे, मान्य. पण क्रूझवाल्यांनी काय करायचं? पाच-सहा तास मिळतात, त्यात बंदरावरून वर फिराला यायला केबल कारची रांग. मग इयाच बरं, निदान बेटाचा आकार तरी कळतो.

सायली_चालते:
रांग नको म्हणून खेचरावर बसू नका प्लीज, जुन्या बंदरापासून फिरापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत, भर उन्हात ती बिचारी दिवसभर माणसं वाहतात. आणि कॅल्डेराच बघायचा तर फिरा ते इया कड्यावरून पायी जा, साधारण १० किमी, सकाळी लवकर निघा, वाटेतल्या इमेरोविग्ली गावापर्यंत तर फारशी गर्दीही नसते.

भटकी_उल्का:
@रानवारा पाच-सहा तासांत बेट बघायचंच कशाला? अथेन्सच्या पिरेयस बंदरातून फेरी असते, दोन रात्री राहा. अक्रोतिरी सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, फिराहून बस जाते. संध्याकाळी काय तो सूर्यास्त बघा, मी अडवत नाही.

रानवारा:
दोन रात्री असतील तर अक्रोतिरी घेईन. पण एकच संध्याकाळ असेल तर मी आईबाबांना इयालाच नेणार.