वाट पाहिली त्याच पुस्तकानं निराश केलं: तुमचे अनुभव लिहा

मालिकेच्या शेवटच्या भागासाठी दोन-दोन वर्षं थांबलात आणि हातात आलेलं पुस्तक मनातून उतरलं, असं तुमचं झालंय का? नुसतं ‘आवडलं नाही’ नको. कुठं बिनसलं ते नेमकं सांगा. सुरुवात मी करते.

माझ्या आवडत्या मालिकेत जादूला किंमत होती. प्रत्येक मंत्रामागं नायिकेची एक आठवण कायमची जायची. पहिल्या भागात ती नदीचा पूर थोपवते, घरी येते आणि चुलीपुढच्या बाईला विचारते, ‘तुम्ही कोण?’ ती तिची आई असते. हे पान मी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये वाचलं, कुर्डुवाडी कधी गेलं कळलं नाही. माझी प्रत अजून त्याच पानाशी आपोआप उघडते. शेवटच्या भागासाठी शिकवण्यांचे पैसे साठवून आधीच नोंदणी केली. पार्सल आलं ती रात्र जागून काढली. शेवटच्या लढाईत ती सगळ्यात मोठा मंत्र म्हणते आणि तिचं काहीच जात नाही! चाळीस पानं आधी सापडलेला एक खडा सगळी किंमत भरून टाकतो. गोड शेवटाबद्दल माझी तक्रार नाही. पण मग चुलीपुढच्या त्या बाईचा पडलेला चेहरा कशासाठी होता? मी तिच्यासाठी रडले होते.

सोलापूरच्या पूर्व भागातून
आमचं घर मागाचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नायिका विणकर आहे, धाग्यातून जादू करते, एवढं ऐकूनच मी हरखलो होतो. आमच्यासारख्या घरातली मुलगी अशा पुस्तकात मला कधी भेटलीच नव्हती. तिसऱ्या प्रकरणात ती धोट्यानं ताणा भरते. अहो, धोटा बाणा नेतो, म्हणजे आडवा धागा! ताणा म्हणजे उभे धागे, तो आधीच बीमवर, मागाच्या रुळावर, चढवलेला असतो, त्याची टोकं एकेक करून फणीतून ओढून घ्यावी लागतात. त्या कामानं वडिलांची बोटं संध्याकाळी आखडलेली असतात, भाकरीचा तुकडा मोडतानाही दिसतं. पुस्तकात मात्र एका रात्रीत अख्खी शाल. वडिलांना मी ते पान तेलुगूत सांगितलं. ते म्हणाले, ‘लिहिणाऱ्यानं माग बघितलेला नाही.’ पुढं वाचवलं नाही.

जुळे सोलापूर
‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’, 31 जुलै 2016. ते लंडनच्या रंगमंचावरचं नाटक आहे आणि पुस्तक म्हणजे त्याची संहिता, हे कुणी लपवलं नव्हतं. तरी आठवा भाग म्हटल्यावर माझ्या मनात कादंबरीच होती. मग बहिणीनं आणि मी पात्रं वाटून घेऊन मोठ्यानं वाचलं, तेव्हा संवाद रंगले. पण वाड्यातला तो काळोख, जेवणाची लांब टेबलं, यांची पानंच्या पानं वर्णनं हवी होती मला. ती भूक राहिलीच.

नवी पेठेजवळून, एक आई
माझी मुलगी चौदाची. रात्री दीडला तिच्या खोलीत दिवा. मी विचारलं, ‘काय वाचालालीस गं एवढं?’ तर रडत होती. तिची आवडती मैत्रीण-पात्र दोन ओळींत मारून टाकली होती, नंतर कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही. ‘आई, निदान एकानं तरी तिची आठवण काढायला पाहिजे होती ना?’ मी तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर तलावावर फिरताना तिनं त्या मुलीची सगळी गोष्ट मला पहिल्यापासून सांगितली. आम्ही तलावाला दोन फेऱ्या मारल्या, तरी ती संपली नव्हती.